इस्त्रीखाली गेलेला कुलावाई

मित्रांनो, मी फिजी बेटांवरची पाच डॉलरची जुनी नोट आहे. मुक्काम यवतमाळजवळच्या नेर गावी, कलीमभाई मेकॅनिकच्या घरी. माझ्या अंगावर कुलावाई आहे. हिरवा, लाल गळ्याचा, एवढासा पोपट. खुद्द बेटावरही तो कित्येक वर्षांत कोणाच्या नजरेस पडलेला नाही. त्यामुळे मला भारी तोरा होता, हे कबूल करते.

शिवाय मी कागदाची नव्हे, प्लॅस्टिकची. मासळीबाजारात भिजले, धुण्याच्या पाण्यातून निघाले, तरी जशीच्या तशी. जहाजावर स्वयंपाकी असलेल्या जफरमामूंनी मला नऊ वर्षांपूर्वी आणून भाच्याला, म्हणजे कलीमभाईंना, दिले. त्यांच्याकडे पॅसिफिक बेटांच्या पशुपक्ष्यांच्या नोटांचा अल्बम होता. त्याला ते घरात कोणाला हात लावू देत नसत. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. आज वाईट वाटते.

यंदा यवतमाळच्या नोटा-नाण्यांच्या प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच टेबल मिळाले. सगळ्यांत पुढे मला मांडायचे ठरले. पण माझ्या अंगावर एक जुनी घडी होती.

त्यांची बायको हुस्नाबी दर ईदेला ईदीच्या नोटा ओल्या फडक्याखाली इस्त्री करून कडक करीत. पोरांच्या हातावर चुरगळलेली नोट ठेवणे त्यांना खपत नसे. प्रदर्शनाच्या सकाळी नवरा आंघोळीला गेल्यावर त्यांनी मायेने अल्बम उघडला. सामोआची कागदी नोट कोरी करकरीत निघाली. मग माझी पाळी आली.

मी चर्रकन आक्रसले. कुलावाई नखाएवढा झाला.

"हे काय केलं तुनं?" कलीमभाई ओल्या अंगानेच धावत आले.

"मले वाटलं इलायती कागद असन! कधी सांगतलं काय तुमी, का हे पन्नीची हाये म्हणून?" हुस्नाबी तिथेच रडू लागल्या.

"नाही सांगतलं," कलीमभाई हळूच म्हणाले. "माहीच गलती हाये."

ते प्रदर्शनाला गेले नाहीत. हुस्नाबींजवळ बसून त्यांनी एकेक पान उलटले, एकेक पक्षी दाखवला. त्या ओढणीला हात पुसून मगच पानाला बोट लावत होत्या. माझे पान आले तेव्हा कलीमभाईंनी मला होते तशीच त्यात सरकवले.

मित्रांनो, जी वस्तू जिवापाड जपता, तिची घरच्यांना ओळख करून द्या. "ही पन्नीची आहे." एवढे तीन शब्द सांगायला कलीमभाईंना नऊ वर्षे पुरली नाहीत.