माझ्या शेपटीवरची खाच

मी एक जुनी, निळी स्की आहे, आणि अंगावर कचऱ्याचं स्टिकर मिरवत डोंगरावर फिरते. हसू नका, मित्रांनो! हे स्टिकर फुकट मिळत नाही. ते माझ्या अंगावर कसं आलं आणि ते लागूनही मी कचऱ्यात न जाता अजून डोंगरावर कशी, तीच माझी कहाणी आहे.

खरं म्हणजे मी एकटी नाही. आम्ही जोडीनंच जन्माला येतो. मी उजवी. डावी माझी बहीण, पण ती पडली अबोल, त्यामुळे दोघींच्या वतीनं मीच बोलते.

आमचा जन्म एका छोट्याशा कारखान्यात झाला. पोटात हलकं लाकूड, पाठीवर निळा रंग, कडेला पोलादाची पट्टी. कमरेला मात्र आम्ही चांगल्याच रुंद. कारखान्यातल्या सडपातळ स्की आम्हाला ‘फळ्या, फळ्या’ म्हणून चिडवायच्या. चिडवोत बापड्या! दाबून घट्ट केलेल्या बर्फावर त्या सुसाट पळतात, हे कबूल. पण तांदळाच्या पिठीसारखा कोरडा, भुसभुशीत बर्फ कमरेएवढा साचला, की त्या बुडतात आणि आम्ही तरंगतो. जपानच्या उत्तरेला होक्काइदोतल्या आमच्या गावात हिवाळाभर तसलाच बर्फ पडतो. तिथं आमचाच रुबाब.

ओगावारा नावाच्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून सेइजीनं आम्हाला घेतलं. तो नुकताच टपाल कचेरीत लागला होता, लग्न व्हायचं होतं, विचारणारं कोणी नव्हतं. हिवाळ्याचा पहिला बोनस हाती आला आणि त्याच संध्याकाळी त्यानं तो सगळा आमच्यावर उडवला. घरी जाताना स्वारीनं आम्हाला खांद्यावर घेतलं नाही, तान्ह्या बाळासारखं कवेत धरलं होतं.

आणि त्याच हिवाळ्यात त्यानं मला हरवलं.

त्याचं असं झालं. भूर्जाच्या झाडांमधून तो उतरत होता आणि एका उंचवट्यावर डोकं खाली, पाय वर असा उताणा गेला. बूट स्कीला धरून ठेवणारा खटका सुटला. डावी त्याच्या पायालाच राहिली, मी बर्फात गडप. सेइजी गडगडत पार खाली गेला आणि तिथंच गुडघे टेकून बर्फ उपसू लागला. इतक्यात वरून एक उंच मुलगी झोकात वळणं घेत आली आणि थांबली.

“काय हरवलं?” तिनं विचारलं.

“स्की. निळी. इथंच खाली कुठंतरी असणार.”

“गडगडत खाली तुम्ही आलात. ती कशाला येईल? ती काय तुमच्या पाठीमागं लागलीय? वर शोधा, वर!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना, तशी गत. ती वर चढून गेली आणि हातातली काठी बर्फात खुपसत खुपसत चालली. काठीचं पोलादी टोक माझ्या शेपटीवर बसलं. टक्क!

“अगंबाई, टवका उडाला की हो!” ती ओशाळली. “मी भरून देईन हं दुरुस्तीचे पैसे.”

“असू दे, असू दे,” सेइजी म्हणाला. त्यानं टवक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्याकडेच बघत होता.

तिचं नाव चिगुसा. पुढे ओगावारा म्हाताऱ्यानं ती खाच बुजवून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा सेइजीनं त्याला हात लावू दिला नाही. “ती आमच्या ओळखीची खूण आहे,” म्हणाला. दुसऱ्या वर्षी दोघांचं लग्न झालं. स्की खेळण्यात ती त्याच्यापेक्षा सरस, उंचीनंही दोन बोटं जास्त. पण सेइजीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मग होनोका झाली, मग त्यांनी घर घेतलं. घरात पैसा चिगुसाच्या हाती. सेइजीचा पगार यायचा तो तिच्याकडे, आणि तिच्याकडून त्याला महिन्याचा हातखर्च मिळायचा. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच असतं. मोठा खर्च निघाला की जेवण झाल्यावर तिघं संत्री सोलत बसायची, प्रत्येकानं आपलं म्हणणं मांडायचं, आणि मग चिगुसा निकाल द्यायची. घराच्या वेळेला निकाल तिनं स्वतःच्या विरुद्ध दिला.

“दोघांनी डोंगरावर जायचं तर पोरीला कोण बघणार? माझी जोडी विकू. एकानं तरी जावं.”

तिची लाल जोडी विकली गेली. बुटांना मात्र गिऱ्हाईक मिळालं नाही, कारण तिची पावलं लांब आणि अरुंद. ते बूट कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसले. तिनं त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. पण सेइजी डोंगरावरून आला, की ती आम्हाला मांडीवर घ्यायची, गंज चढू नये म्हणून जुन्या टॉवेलनं कडा पुसायची, आणि शेवटी माझ्या शेपटीवरच्या खाचेवरून अंगठा फिरवायची. मला फार बरं वाटायचं. कधी कधी वाईटही वाटायचं, कारण तो अंगठा तिथं जरा जास्तच वेळ रेंगाळायचा.

सेइजीची कसरत तर विचारूच नका. चिगुसाचा कायदा होता: आधी दार, मग डोंगर. जो बर्फ डोंगरावर सोनं, तोच घराच्या दारात माती. दार मोकळं करायचं, गाडीची वाट करायची, मगच आम्हाला हात लावायचा. पहाटे फावडं, मग आम्ही, मग टपाल कचेरी, असा त्याचा दिवस. एकदा तर डोंगरावरून तो थेट होनोकाच्या शाळेत पालकसभेला गेला, पायात स्कीचे बूट. शाळेत बूट दारातच काढायचे असतात, आणि त्याचे गारठलेले बूट काही केल्या निघेनात. शेवटी बिचाऱ्यानं सगळी सभा दारात उभं राहून ऐकली. मास्तरीणबाई मोठ्यानं बोलल्या म्हणून बरं.

अशी वर्षं गेली. माझा रंग उडाला, तळ झिजला, कडा बोथट झाल्या. तरी गेल्या हिवाळ्यापर्यंत आमचं छान चाललं होतं.

या खेपेला बोनस यायच्या आधीच संत्री सोलली गेली. घर तापवणारी रॉकेलची शेगडी म्हाताऱ्यासारखी खोकत होती.

“यंदाचा बोनस शेगडीचा,” चिगुसानं निकाल दिला. “होनोकाला स्की शिकायचीय, तिला भाड्यानं आणू. बाकी कोणाला काही?”

“छे, मला कसलं काय!” सेइजी घाईघाईनं म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं! ओगावाराच्या दुकानात त्याला एक जोडी दिसली होती. आमच्याच कारखान्याची, आमच्याच निळ्या रंगाची, आमच्याच लांबीची, करकरीत नवी. डोंगरावर गरमागरम रामेन शेवयांचा नुसता वास घेत, खिशातले गार भाताचे गोळे खाऊन, दोन हिवाळे त्यानं हातखर्चातून पैसे साठवले होते. पैसे त्याचे, हे खरं. पण घरात विचारायची त्याची छाती झाली नाही. रंग तोच आहे ना, मग कळतंय कोणाला, असं त्यानं मनाशी ठरवलं. मित्रांनो, इथंच तो फसला.

एका शनिवारी मायलेकी बाजारात गेल्या होत्या. सेइजीनं नवी जोडी घरात आणली. चिगुसाच्या हेअर ड्रायरनं माझ्या पाठीवरची सगळी स्टिकरं ऊब देऊन देऊन सोडवली. डोंगराचं, गावच्या जत्रेचं, होनोकानं लहानपणी लावलेलं सशाचं, सगळी. आणि ती नव्या जोडीच्या पाठीवर जशीच्या तशी चिकटवली. सशाचा एक कानसुद्धा तसाच दुमडला! माझ्या उघड्या पाठीवर त्यानं एकच स्टिकर लावलं, दुकानातून विकत आणलेलं, मोठा कचरा उचलून नेण्याचं. सोमवारी सकाळी गाडी येणार होती. लावताना “माफ कर हं,” असं तो पुटपुटला. पण लावलं ते लावलंच. मग त्यानं आम्हाला अंगणातल्या सामानाच्या कोठीमागं नेऊन उभं केलं.

डावी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बोलली. “आता?” एवढंच म्हणाली. मला रडू येत होतं.

रविवारी बर्फ नुसता कोसळला. सेइजीनं दार साफ केलं आणि नवी जोडी घेऊन गाणी म्हणत डोंगर गाठला. इकडे छपरावरचा बर्फ धाडकन घसरला तो नेमका आमच्या अंगावर. आम्ही गाडलो गेलो. पुढचं घरातलं बोलणं मला नंतर नव्या जोडीनं सांगितलं. ती स्वभावानं गरीब आहे, तिचा काय दोष?

दुपारी सेइजी परतला. चिगुसानं नेहमीसारखी स्की मांडीवर घेतली, कडा पुसल्या, आणि सवयीनं अंगठा शेपटीकडे नेला. अंगठा थांबला. पुन्हा फिरला. पुन्हा थांबला.

“अहो, ही कोण?”

“कोण म्हणजे? तीच की गं!”

“तीच? मग खाच कुठं गेली?”

सेइजीची त-त-प-प झाली. “ती... भरून आली असेल.”

“लाकूड भरून येतं होय? कुठलं मलम लावलंत? मलाही द्या, गुडघ्याला लावीन.”

होनोका खो खो हसायला लागली. चिगुसा मात्र हसली नाही. “जुनी कुठंय?”

“कोठीमागं,” सेइजी खालमानेनं म्हणाला. “उद्या... गाडी येणारे. नवी हातखर्चातूनच घेतली गं, दोन हिवाळे नुसते भाताचे गोळे खाऊन.”

ती तशीच बाहेर आली. कोठीमागं बर्फाचा ढीग! सेइजी फावडं घेऊन ढिगाच्या पायथ्याशी उपसू लागला.

“वर शोधा, वर!” चिगुसा ओरडली आणि स्कीची काठी घेऊन ढिगावर चढली. काठी खुपसत खुपसत ती भिंतीजवळ आली, आणि टक्क! मला तो आवाज ओळखू आला. सांगते ना, इतक्या वर्षांनी!

तिनं मला बाहेर काढलं, अंगावरचा बर्फ झटकला आणि पाठीवरचं स्टिकर वाचलं. तिचे डोळे भरून आले.

“पैशाचं मला काही नाही,” ती म्हणाली. “तुमचा हातखर्च, तुमचं पोट. पण ही खाच मी पाडली होती हो.”

“मला वाटलं, तुला रंग तेवढा लक्षात असेल.”

“निळ्या रंगाच्या शंभर मिळतील!”

“बाबा,” होनोका कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुम्ही तर आईलाच कचऱ्यात टाकलंत!”

सेइजी मटकन बर्फात बसला. “चुकलो. साफ चुकलो. उद्याच ती नवी जोडी परत करतो.”

चिगुसानं नाक पुसलं. मग ती तडक घरात गेली. मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. पण बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपाटातले ते लांब, अरुंद बूट होते.

“परत कशाला? जोडी चांगली आहे. लांबी मला चालेल. नवी माझी, जुनी तुमची.”

“नवी तुझी?” सेइजी आ वासून बघत राहिला. आणि मग त्याला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. “अगं, हे मला आधी कसं सुचलं नाही!”

“विचारलं असतंत तर सुचवलं असतं.”

ओगावारा म्हाताऱ्यानं बूट उलटेपालटे करून पाहिले, कुठं तडा नाही याची खात्री केली आणि नव्या जोडीचे खटके त्या मापाचे करून दिले. बोनसची शेगडी ठरल्याप्रमाणे आली. सेइजीनं माझ्या पाठीवरचं कचऱ्याचं स्टिकर काढायला हेअर ड्रायर हातात घेतला, तेव्हा चिगुसानं तो काढून घेतला.

“राहू दे. पैसे भरलेत ना त्याचे?”

त्यामुळे आता तारेवरच्या पाळण्यातून डोंगर चढताना शेजारचे लोक आधी स्टिकरकडे बघतात, मग सेइजीकडे, आणि मान वळवून हसतात. तोही हसतो.

आता बर्फ पडला की तिघं मिळून दार साफ करतात आणि तिघं डोंगरावर जातात. होनोका खालच्या उतारावर शिकते, आणि दोघं आळीपाळीनं तिच्याजवळ थांबतात. परवा भूर्जाच्या झाडांमध्ये सेइजी पुन्हा उताणा गेला. मी पुन्हा गडप. हा बाबा पुन्हा खालीच शोधतोय! चिगुसा झोकात वळणं घेत आली, काठी खुपसली, टक्क. आता माझ्या शेपटीवर दोन खाचा आहेत.

मित्रांनो, नवी वस्तू घ्यायला माझी ना नाही. नवी जोडी आता माझी मैत्रीण आहे. पण घेण्याआधी घरात विचारा, आणि जुनी टाकण्याआधी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवा. खाच लागली, तर ती कोणाच्या हातची आहे ते आठवा. आणि तरीही काही हरवलंच, तर खाली शोधत बसू नका. वर शोधा, वर!