डोळ्यात कुंकू गेलेली बंदूक

मी एक बंदूक. दचकू नका, माझ्यात गोळी नाही, साधा छर्राही नाही. अंग प्लॅस्टिकचं, मागे शेपटीसारखी वायर आणि तोंडाशी काचेचा इवलासा डोळा. टीव्हीवरच्या भुतावर हा डोळा रोखायचा, चाप ओढायचा, भूत खलास!

जन्म कुठल्या परमुलखात झाला, देव जाणे. मला उजाडलं ते राहनाळच्या गोदामात, खोक्यात. तिथून टेमघरच्या केसरीनाथने मला आपल्या गेमच्या दुकानात आणलं. साल दोन हजार आठ.

दुकानात भुतांच्या इस्पितळाचा गेम फार चालायचा. त्याचे दोन भाग येऊन गेलेले. त्यांत अंधारात आपणच चालायचं, किल्ल्या हुडकायच्या, गोळ्या पुरवून वापरायच्या. केसरीनाथची आई आक्का मागच्या बाकावरून सगळं बघायची. गुडघे धरलेले, पण जीभ धावायची. "त्या दाराशी नको रं, तिथं नर्सबाय हाय!"

तिसरा भाग मात्र माझ्यासाठी निघाला. तेच इस्पितळ, तीच भुतं, पण चालायचं नाही. गेमच तुम्हाला फिरवणार, तुम्ही नुसता नेम धरायचा.

वडप्याच्या गोदामात ड्युटी करणारा सार्थक पहिल्या दोन भागांचा मोठा भक्त. त्याने मला हात न लावताच नाक मुरडलं. "टेम्पोत बसवून भुतं दाखवनार? ह्यात भीती काय उरली?" दुकानात त्याचा शब्द शेवटचा. माझ्याकडे कुणी फिरकेना.

केसरीनाथ वैतागला. "दसऱ्याला सार्थकला एकदा खेळवतो. न्हाय आवडलं तर ही खोक्यात घालून परत." माझा जीव वायरीत गोळा झाला.

दसऱ्याच्या सकाळी आक्काने दुकानातली हत्यारं पुजली. पाना, पकड आणि मी. "बंदूक म्हंजे सगळ्यांत थोरली," म्हणत तिने मला ओलं हळदकुंकू भरभरून लावलं. कुठे? तर थेट तोंडाला. झाले मी आंधळी!

सार्थक आला, चाप ओढत राहिला. भूत समोर, नेम भलतीकडे. नर्सबाई त्याला खुशाल चावून गेली.

"बघ केसरीदादा, फालतू हाय!"

केसरीनाथने खोकं काढलंच.

"पुजलेलं हत्यार दसऱ्याला घराभायेर काढतोस व्हय रं?" आक्का उठली. मला उलटसुलट केलं आणि थबकली. "अगं बया! बिचारीच्या डोल्यातच कुंकू घातलं की मी!" तिने पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि लेकराचा पुसावा तसा माझा डोळा पुसला. जग कसं लख्ख झालं!

मग ती मला सोडतेय कुठली? स्टुलावर बसली. "गुडघ्यांची कटकट न्हाय, गेमच चालतोय!" नर्सबाई आली. "ये भवाने, तुलाच शोधत व्हते!" धडाम. "आता लिफ्टमधला डाक्टर येल बघ." आला. धडाम.

सार्थक हळूच जवळ सरकला. "आक्का, दे ना मला." आक्काने मला त्याच्या हाती दिलं आणि स्टूलही सोडलं.

पडद्यावर शवागाराचं दार आलं. मागच्या भागात तो ह्याच दाराशी हिंमत होईपर्यंत ताटकळायचा. इथे दार आपोआप उघडायला लागलं.

"ए, थांबव! मी तयार न्हाय! मागं कसं जायचं?"

"टेम्पो हाय ना बाबा तो," आक्का म्हणाली. "आन् डायवर भूत हाय."

सार्थक स्टुलावरून थेट फरशीवर. दुकान हसून लोळलं.

"काय रं, भीती उरली का?"

त्याने घाम पुसला. "गप बस आक्का. केसरीदादा, परत लाव."

केसरीनाथने त्या खोक्यात आपट्याची पानं भरून ठेवली.

आता दुकान उठलं, माझी वायर उंदरांनी खाल्ली. मी आक्काच्या देवघराशेजारी खिळ्याला लटकते. तिच्या डोळ्यांतही मोतीबिंदू उतरलाय. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर पूजा जरूर करा, पण तेवढा डोळा सोडून. आक्काला हे सांगावं लागत नाही. दर दसऱ्याला ती आधी चाचपत माझ्या डोळ्यावर आपला अंगठा ठेवते, आणि मगच कुंकवात बोट बुडवते.