पाण्याचा कोंपाद्रे

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. न्यू मेक्सिकोच्या डोंगरातून उतरणारा पाट जिथे दोन वाटांना फुटतो, तिथे मला बसवले आहे. मला वर उचलले की पाणी ओतिलियाबाईंच्या जर्दाळूच्या बागेत जाते. खाली सोडले की बागेची वाट बंद होते आणि सगळे पाणी एलोयच्या हॉटेलच्या तळ्याकडे वळते. हॉटेल अगदी अलीकडचे. मला मात्र ओतिलियाच्या सासऱ्याने रंधा मारून असे घट्ट बसवले, की एक थेंब गळत नसे. त्याचा मला फार तोरा होता.

माझे दिवस चांगले गेले. थंडी सरली की सारा गाव फावडी घेऊन पाट उपसायला यायचा. जाताजाता माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "म्हातारी अजून दणकट आहे हं!" पाण्याच्या पाळीवरून भांडणेही व्हायची, पण शिव्यासुद्धा 'कोंपाद्रे' म्हणूनच दिल्या जायच्या.

हा शब्द नीट ऐकून ठेवा. बाप्तिस्म्याला, डोक्यावर पाणी घालताना, जो बाळ हातात धरून उभा राहतो, तो बाळाच्या आईबापांचा कोंपाद्रे होतो. सख्ख्या भावाला एक वेळ नाही म्हणता येते, त्याला नाही. पण इथली माणसे गोड जिभेची. वाटेत भेटेल त्यालाही ती कोंपाद्रे म्हणतात.

एलोयने तळे बांधले आणि तो पाण्यासाठी कोर्टात गेला. कोर्टाने निवाड्यासाठी गावातलाच एक पंच नेमला, डेल्फिनो. माणूस शिकलेला, पाटाचा जाणकार. निवाडा होईपर्यंत म्हणून त्याने मला खाली ढकलले, साखळी घातली आणि कुलूप लावले. भर उन्हाळ्यात!

ओतिलिया पेटून उठली. "एलोयच्या पोरीला बाप्तिस्म्याला यानंच धरलं होतं. आणि हा माझा न्याय करणार? काढा त्याला!" तिने तसा अर्ज केला. न्यायाधीशबाई लांबच्या शहरातल्या. त्या जागा पाहायला स्वतः पाटावर आल्या. हा पंच गेला तरच कुलूप निघणार होते. माझा जीव टांगणीला लागला.

ओतिलिया काठी टेकत आली. समोर डेल्फिनो दिसला आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेले, "काय कोंपाद्रे, गुडघा काय म्हणतोय?"

अगं बाई, जीभ चावायची होतीस गं!

एलोयचा वकील हसलाच. "ऐकलंत ना, बाईसाहेब? हे तर यांचेही कोंपाद्रे! मग पक्षपात कुणाचा?"

"अहो, माझा नुसता तोंडाचा!" ओतिलिया ओरडली. "एलोयचा पाण्याचा आहे. बाळाच्या डोक्यावरच्या पाण्याचा!"

बाईंनी डेल्फिनोला विचारले, "एलोय तुमचे नातेवाईक आहेत का?"

"रक्ताचं काही नाही," तो म्हणाला. ते खोटे नव्हते, म्हणून तर मला जास्त चीड आली.

"जिथे सगळेच एकमेकांचे कोंपाद्रे, तिथे यांनाच कशी काढू?" असे म्हणून बाईंनी अर्ज फेटाळला.

आता ओतिलिया भांडी धुतलेले पाणी बादलीतून झाडांना घालते. वरची ओळ वाळून गेली. परवा डेल्फिनो कुलूप पाहायला आला, तेव्हा ती म्हणाली, "नमस्कार, पंचसाहेब."

त्याचा हात कुलपावरच थांबला. "असं परक्यासारखं काय बोलतेस, ओतिलिया?"

"तुझं कुणाशी नातं नाही ना? कोर्टात ठरलंय."

त्याने कुलूप ओढून पाहिले आणि खाली मान घालून तो निघून गेला.

मित्रांनो, उद्या कोणाला न्याय करायला बसवाल, तेव्हा रक्ताचे नाते विचारून थांबू नका. त्याने कोणाचे बाळ हातात धरले होते, तेही विचारा. पण ते उद्याचे झाले. खालच्या ओळीला अजून थोडी हिरवी पाने आहेत. बागेकडची माझी बाजू उन्हाने तडकली आहे आणि तिथून पाणी झिरपू लागले आहे. जन्मभर थेंब गळू दिला नाही म्हणून मिरवले मी. आज देवाकडे एवढेच मागते, की ही भेग वाढू दे. कोणीतरी या ना! कुलूप तोडा, नाहीतर मलाच तोडा.