गाडी कोण चालवत होतं?

नंदू परब गेल्यापासून त्याची बायको सुगंधा रस्ता ओलांडायला उभी राहिली, की आधी येणाऱ्या गाडीच्या काचेत बघायची. ड्रायव्हरची मान खाली असली, तर ती दोन पावलं मागे सरायची.

नंदू गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवर बंद पडलेली स्कूटर ढकलत कडेने चालला होता. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. मागून आलेली गाडी शौनक नावाचा कॉलेजातला मुलगा चालवत होता आणि त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. त्याने नंदूला मागून उडवलं. पोलिसांना त्याने सांगितलं, ऊन डोळ्यांवर आलं. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने मात्र त्याच्या हातातला फोन पाहिला होता. शौनकला लगेच जामीन मिळाला. खटल्याला तारखांवर तारखा पडत राहिल्या.

सुगंधा नाहूरला राहायची, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. नंदू गेल्यावर तिला कितीतरी दिवस स्टिअरिंग धरवेना. मुलगी दिशा तेव्हा लॉ करत होती. तिने रडणं आवरलं आणि सरळ स्टेशनबाहेर टेबल मांडून सह्या गोळा करायला लागली. तिची मागणी साधी होती. फोनमध्ये बघत गाडी चालवून कुणाला जखमी केलं, तर जामीन नाही, लायसन्स कायमचं रद्द आणि तुरुंग.

पहिली सही सुगंधानेच केली. पण तिचा त्यावर फारसा विश्वास नव्हता.

"कायद्याने माणसाची मान वर राहत नाही गो," ती म्हणाली. "हेल्मेटचा कायदा आहे ना? हवालदार दिसला की डोक्यावर, नाहीतर कोपरात लटकवलेलं."

"मग काय करायचं? सोडून द्यायचं सगळ्यांना?"

"माणसाच्या हातातून गाडीच काढून घ्यायची."

दिशाला तो वैताग वाटला. पण सुगंधा ते मनापासून बोलली होती. मालाडला, दिंडोशीच्या टेकडीच्या बाजूला एका मोठ्या खाजगी वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर एक कंपनी ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्यांची चाचणी घेत होती. त्यांना गाडीत बसायला अनुभवी ड्रायव्हर हवे होते. गाडी चुकली तर ब्रेक मारायला. सुगंधाने अर्ज केला. मुलाखत घेणारा इंजिनिअर देवेश दिशापेक्षा थोडाच मोठा असेल. नंदूचं ऐकल्यावर त्याने हातातला अर्ज बाजूला ठेवला.

"ताई, ह्याचसाठी तर करतोय आम्ही हे सगळं," तो म्हणाला. "गाडीला फोन येत नाही."

सुगंधाला ते वाक्य फार आवडलं. घरी येऊन तिने ते दिशाला ऐकवलं.

काम म्हटलं तर काहीच नव्हतं. स्टिअरिंगजवळ हात ठेवायचे, ब्रेकवर पाय तयार ठेवायचा आणि समोर बघायचं. गाडी आपली आपण वळायची, कुत्रं आडवं आलं की थांबायची, मुलांचा चेंडू आला की थांबायची. सुरुवातीला घरी परतल्यावर सुगंधाचे खांदे भरून यायचे, इतकी ती ताठ बसायची. मग हळूहळू खांदे सैल पडले. व्हॅन चालवताना हातपाय सतत कामात असायचे, त्यांच्या जोडीने डोळेही जागे राहायचे. इथे डोळ्यांना एकट्यानेच जागायचं होतं. तोच बगिचा, तेच वळण, तीच पाण्याची टाकी. कधी कधी एक अख्खी फेरी संपायची आणि त्यातलं काहीच तिला आठवायचं नाही.

ड्रायव्हरवर नजर ठेवणारा एक कॅमेरा गाडीत होता. नजर हलली की बीप वाजायचा. पण सुगंधाच्या चष्म्यावर उजेड पडला तरी तो बोंबलायचा.

"डोकं उठतं रे देवेश," तिने एकदा तक्रार केली. "समोर बघतेय तरी ओरडतो मेला."

"मी बघतो ताई," देवेश म्हणाला आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याने आवाज बंद करून टाकला. दुरुस्ती राहून गेली.

वसाहतीच्या बागेचं काम अंबादास बघायचा. जालन्याकडचा, पण जन्म इथलाच म्हणण्याइतका जुना मुंबईकर. त्याला ह्या गाडीचं भारी कौतुक. मुद्दाम रस्त्यात पाऊल टाकायचा, गाडी थांबली की हात वर करून सुगंधाला हसून दाखवायचा. एका रविवारी बायको मीरा डबा घेऊन आली, तर तिलाही त्याने हाताला धरून रस्त्यात उभं केलं. मीरा घाबरून किंचाळली. गाडी दोन हात अलीकडे थांबली. "बघ! म्हटलं नव्हतं?" म्हणून तो तिला चिडवत राहिला. पुढे पुढे तर तो रस्ता ओलांडताना मान वळवून बघेनासाच झाला.

शौनकने परदेशी शिकायला जाण्याची परवानगी मागितली होती. त्या अर्जाची सुनावणी दिंडोशी कोर्टात होती आणि दिशा सकाळीच तिकडे गेली होती. कामावर फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता. सुगंधाने तो त्या दिवशी दाराच्या कप्प्यात ठेवला. फक्त आजचा दिवस, असं तिने स्वतःला बजावलं.

दुपारी गाडी टाकीच्या बाजूला वळत असताना कप्प्यात उजेड पडला. सुगंधाने फोन उचलला.

'परवानगी दिली. पुढच्या महिन्यात जातोय तो.'

तिने पुन्हा वाचलं. आपल्या माणसाला मारणारा मुलगा विमानात बसून जाणार, नवीन बूट घालून कुठल्यातरी कॉलेजात हिंडणार, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. 'वकील काय म्हणाले' एवढं ती टाइप करत होती.

अंबादास वळणावर उकिडवा बसून पाण्याचा काळा पाइप रस्त्यावरून ओढत होता. गाडीची त्याच्याकडे पाठ नव्हती, कॅमेरे सगळे चालू होते. पण वाकलेला माणूस आणि तो वळवळता पाइप ह्यांचं गाडीने काय केलं कोण जाणे, तिने ब्रेक लावला तो फार उशिरा. सुगंधाने मान वर केली ती आवाज झाल्यावर.

ती धावत उतरली. अंबादास कुशीवर पडला होता. एक पाय भलत्याच बाजूला वळला होता आणि पाइपचं पाणी त्याच्या शर्टाखालून वाहत होतं. तो शुद्धीवर होता. त्याने तिच्याकडे बघितलं, रागाने नाही, नवलाने.

"आज थांबली नाही व्हय, म्याडम?"

हॉस्पिटलमध्ये कंपनीचे मालक श्यामसुंदर स्वतः आले. त्यांनी सुगंधाला पाणी दिलं, तिच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, वळणावर तुम्ही गाडी स्वतःच्या हातात घेतली होती, असं सांगा. माणसाकडून चूक होते, लोक समजून घेतात. मशीनकडून झाली म्हटलं, तर सगळं कामच बंद पडेल. तुमच्या मिस्टरांसारखी किती माणसं वाचणार आहेत, विचार करा. वकील आम्ही देतो."

देवेश भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान वर केली नाही.

तेवढ्यात दिशा धापा टाकत आली. तिने आईला कोपऱ्यात ओढलं.

"आई, ऐक. गाडी मशीन चालवत होतं. तू चालवत नव्हतीस. बस्स. फोनचं एक अक्षर बोलायचं नाही."

"फोन हातात होता माझ्या."

"मीच पाठवला ना मेसेज! तू कामावर आहेस हे माहीत असून पाठवला. राहवलं नाही मला." तिने आईचं मनगट पकडलं. "प्लीज आई. वाट लागेल आपली."

चौकीतला हवालदार कंटाळलेला होता. त्याने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

सुगंधाने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "गाडी आपली आपण चालत होती. मी बघायला होते. मी बघत नव्हते."

हवालदाराने पेन थांबवलं. "काय करत होता?"

"मोबाइल बघत होते."

"अहो बाई, असं कोण सांगतं?" तो दिशाकडे बघत म्हणाला. मग पुन्हा कागदाकडे वळला. "बरं, मग ड्रायव्हर म्हणून नाव कुणाचं लिहू? मशीनला तर नाव नाही."

"माझं लिहा."

दोघी रिक्षाने घरी आल्या. दार लावल्या लावल्या दिशा फुटली.

"सगळ्या जगापुढे मी ओरडतेय, फोनवाल्यांना आत टाका. आणि आता माझीच आई! मी काय तोंडाने उभी राहू?"

"तोंडाचं काय ते तू बघ."

"तू आणि तो शौनक सारखे आहात का?"

सुगंधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पातेल्यात तांदूळ घेतले, धुतले, पुन्हा धुतले. त्या रात्रीचा भात कुणी खाल्ला नाही.

दोन-तीन दिवसांनी देवेश घरी आला. बुटांची नाडीही त्याने धड बांधली नव्हती.

"ताई, बीप मी बंद केला होता. तो चालू असता तर तुम्ही वर बघितलं असतं. मी कुणाला सांगितलं नाही."

"मला माहीत आहे."

"तुम्ही पण नाही सांगितलं."

"मी बंद करायला लावला म्हणून तू केलास. आता तुला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मला विचारू नको रे बाबा."

त्याने चौकशीत सांगितलं. गाडीने अंबादासला माणूस म्हणून ओळखलंच नव्हतं, हेही सांगितलं. पण कागदावर ड्रायव्हर म्हणून सुगंधाचं नाव होतं, तेच राहिलं. देवेशला काढून टाकलं आणि कंपनीने चाचण्या शहराबाहेर हलवल्या.

सुगंधा रोज हॉस्पिटलमध्ये जायची. मीरा तिला वॉर्डच्या दारातून परत पाठवायची. एकदा वस्तीतली माणसं भेटायला आली होती. त्यांनी मीराला जय भीम केला आणि सुगंधाकडे पाठ फिरवून उभी राहिली. सुगंधा बाहेरच्या बाकावर बसून राहिली. ती माणसं गेल्यावर मीरा आपणहून बाहेर आली.

"तुम्ही काय बघत व्हता त्या फोनमधी?"

सुगंधाने सांगितलं. नंदूचं, शौनकचं, परवानगीचं. मीरा ऐकत राहिली.

"म्हंजे तुमच्या मालकाला ज्यानं मारलं, त्याच्यापायी माझ्या मालकाचा पाय गेला?"

"नाही. माझ्यापायी गेला."

"तो पोरगा आला व्हता का कधी तुमच्याकडं?"

"नाही."

"मंग तुम्ही कशाला येता रोज?"

"तो आला असता तर मी त्याला बडवला असता," सुगंधा म्हणाली. "पण येऊन दारात उभा राहावा, असं मला रोज वाटायचं."

मीराने तिला बडवलं नाही. आत ये असंही म्हटलं नाही. फक्त दार उघडं टाकून ती आत गेली. सुगंधा उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. अंबादास झोपलेला होता.

त्याचं हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. जमिनीवर बसून करायचं काम सुटलं. वसाहतीने त्याला गेटवर खुर्ची दिली. झाडं दुसरा कुणीतरी बघू लागला. शौनक ठरल्याप्रमाणे गेला. दिशा काही आठवडे स्टेशनकडे फिरकली नाही. एकदा जेवताना म्हणाली, "माझ्या मागणीसारखा कायदा असता, तर तू आज तुरुंगात असतीस."

"असते."

"आणि गाडी नीट बनली असती, तर काहीच झालं नसतं."

"हो."

"मग ह्यातलं नक्की काय हवंय तुला?"

"मला विचारू नको," सुगंधा म्हणाली. "मला दोन्ही हवं होतं. आणि मी खाली बघितलं."

खटला उभा राहिला तेव्हा मॅजिस्ट्रेटबाईंनी आरोप वाचून दाखवला. भरधाव वेगाने आणि निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केली.

"भरधाव नव्हती, साहेब," सुगंधा म्हणाली. "बाकीचं खरं आहे."

"गुन्हा मान्य आहे की नाही, तेवढंच सांगा."

दिशा मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. कंपनीचा वकील घड्याळ बघत होता.

"मान्य आहे."

मॅजिस्ट्रेटबाईंनी तिच्या जुन्या चांगल्या रेकॉर्डचा विचार केला. दंड झाला, अंबादासला भरपाई द्यायला सांगितलं, लायसन्स काही काळासाठी गेलं. आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायची शिक्षा.

मीरा दाराजवळ उभी होती. तिने शिपायाला विचारलं, "एवढंच?"

शिपायाने खांदे उडवले.

सुगंधा भिंतीजवळच्या बाकावर बसली. पुढची प्रकरणं सुरू झाली. चेकचं एक, मारामारीचं एक, भाडेकरूचं एक. दिशा तिच्याजवळ येऊन बसली. मीरा जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबली, मग निघून गेली. संध्याकाळी मॅजिस्ट्रेटबाई उठल्या, सगळे उभे राहिले, शिपायाने पंखे बंद केले.

"चला बाई, झालं तुमचं," तो म्हणाला.

सुगंधा उठली नाही. दिशाने तिच्या दंडाला हात लावला, तरी ती आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.