भाऊसिंगच्या ट्रकाचं इंजिन

इंझोरीच्या अलीकडे माळावर तांडा आहे. त्या तांड्यातल्या भाऊसिंगसमोर त्याच्या ट्रकाबद्दल वाकडं बोलायची सोय नव्हती. ट्रक आता राहिला नव्हता, तरी नव्हती. लहान सहाचाकी ट्रक होता तो. दिवाळी झाली की अर्धा तांडा, त्यांची भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरं घेऊन भाऊसिंग त्याच ट्रकाने ऊसतोडीला निघायचा. घाटात मोठमोठ्या गाड्या बोनेट उघडून उभ्या असायच्या आणि हा त्यांच्या बाजूने हळूहळू, पण न थांबता वर जायचा. पुढे ट्रकाचं वय झालं, कागद वाढवून मिळेनात, आणि सांगाडा भंगारात गेला. भंगारवाला इंजिनही मागत होता. भाऊसिंग त्याला म्हणाला, “लोखंड ने. जीव नको मागू.”

तेव्हापासून ते इंजिन गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली होतं. सणासुदीला भाऊसिंग ताडपत्री काढायचा, डिझेलच्या फडक्याने ते पुसायचा, हाताने एक-दोन वेढे फिरवून पाहायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा. त्याची बायको चंदाबाई शेजारणींना सांगायची, “लोकायचे नवरे म्हातारपनी देव धुतात. आमचा इंजन धुते.”

त्यांचा मुलगा करण पुण्याला शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करायच्या कामावर होता. यंदा तो सोयाबीन काढायला घरी आला तो एका टेम्पोवर गाडी लादूनच. पांढरी, बुटकी, जमिनीला पोट टेकेल की काय अशी. आत पुढच्या दोन सीटा सोडल्या तर नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा. इंजिन जाम झालं म्हणून मालकाने ती टाकून दिली होती.

करणने गाडी उतरवली, घोटभर पाणी प्याला आणि ताडपत्रीकडे पाहून म्हणाला, “बा, ते इंजन मी यात बसवतो.”

भाऊसिंगने गाडीभोवती एक चक्कर मारली. “शेळीच्या पोटात हेल्याचं काळीज घालतो म्हन ना.”

“जोर मागच्या चाकाले जाते हिचा, ट्रकसारखाच. बसते.”

“बसन. पन चालन का?”

हा सगळा खटाटोप करण का करत होता, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. रिठदला प्रसेनजित नावाचा एक हौशी माणूस होता. पीक निघालं की आपल्या पडीक रानात तो गाड्यांच्या शर्यती भरवायचा. त्याच्या स्वतःच्या शर्यतीच्या जीपा होत्या, आणि त्या दुरुस्तीला दूरच्या शहरात न्याव्या लागत. तो करणला म्हणाला होता, “तुह्या हातची एक गाडी माह्या रानात नीट पळवून दाखव. वाटेच्या दोन्हीकडं दोऱ्या असतात, त्याच्या आत राहून पुरी पळाली, की माह्या सगळ्या जीपा तुह्याकडे.” तेवढं काम मिळालं तर करणला तांड्यावरच शेड टाकता येणार होती. नाही तर सोयाबीन विकून झालं की पुण्याची एसटी होतीच.

पोराने इथेच राहावं, असं भाऊसिंग कधी तोंडाने म्हणाला नव्हता. दर वेळी तो त्याला कारंज्याच्या स्टँडवर सोडून यायचा आणि घरी आल्यावर दिवसभर कोणाशी बोलायचा नाही, एवढंच. या वेळी त्याने ताडपत्री काढून घडी केली आणि बाजूला ठेवली.

“ने,” तो म्हणाला. “पन त्याची फजिती नको करू.”

मग अंगणाचं गॅरेज झालं. निंबाच्या फांदीला चेनपुली टांगली. गाडीतलं जुनं इंजिन एका हिसक्यात वर आलं. ट्रकाचं उचलताना फांदी अशी वाकली की चंदाबाईने अंगणातल्या शेळ्या सोडून लांब नेऊन बांधल्या. इंजिन गाडीत मावेना. करणने पुढचा पत्रा कापला, इंजिन आणि सीटांमधली भिंत मागे सरकवली, भंगारातून आणलेल्या चासीचे तुकडे वेल्डिंग करून त्याला बसायला पाय केले. गिअरबॉक्स जोडायची जाड प्लेट कारंज्याच्या लेथवर करून आणली. एवढं करूनही बोनेट लागेना, तेव्हा त्याला मधोमध भोक पाडलं आणि वर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. गाडीच्या कपाळावर टेंगूळ आल्यासारखं दिसत होतं.

भाऊसिंग खाटेवर बसून पाहायचा. मधेच उठून एखादा बोल्ट चाचपायचा. करणचा हात घाई करत नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पोरगा पाना लावण्याआधी बोटांनी आटे मोजल्यासारखा बोल्ट फिरवायचा. हे आपण याला शिकवलं नाही, भाऊसिंगच्या मनात यायचं, मग आलं कुठून? पण बोलताना तो म्हणायचा, “तो पाइप ढिला हाये.” पाइप ढिला नसायचा.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी तांड्यातली कुत्री पळाली आणि माणसं गोळा झाली. काळा धूर निघाला, मग निळसर, मग साफ. खालच्या सुरातला तो भरदार आवाज ऐकून शेजारची रामीबाई म्हणाली, “अगं माय, हा तं आपला ट्रक. याच्याच आवाजावर माही लेकरं झोपत होती.”

गाडीला रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हती. म्हणून करण ती शेतातल्या पांदण रस्त्याने फिरवून पाहू लागला. आता सोयाबीन काढणीचे दिवस, आणि आमच्या भागात शेताकडून घराकडे येणारी गाडी रिकामी येत नसते. बैलगाडी असो, मोटारसायकल असो, कोणाचं ना कोणाचं ओझं तिच्यावर चढतंच. रिकामं येणाऱ्याला लोक माजला म्हणतात. पहिल्याच दिवशी रामीबाईने बांधावरून आवाज दिला, “करण, रिकामा चालला काय रे?” झालं. पोती मागे पिंजऱ्यात गेली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाची. चंदाबाईनेही आपलं सगळं सोयाबीन त्याच गाडीने घरी आणलं. करण सीटामागे पोती रचायचा, गाडी पांदणीने दामटायचा, वळणावर घालायचा, घरी येऊन स्प्रिंगा कमीजास्त करायचा, ब्रेक जुळवायचा. गाडी सुरेख वळू लागली. ट्रकाचा जोर आणि शेळीचं अंग, असं भाऊसिंगने एकदा कबूल केलं, तेही फक्त चंदाबाईजवळ.

शर्यतीच्या दिवशी टेम्पोवरून गाडी रिठदला नेली. रानात चुन्याच्या खुणा, दोन्ही बाजूंना दोऱ्या. प्रत्येक गाडीला दोनदा पळायची संधी होती. लोकांनी त्या टेंगळाच्या गाडीकडे पाहून हसून घेतलं. एक जण म्हणाला, “हे नांगरटीले आनली काय?” प्रसेनजित पुढे आला, त्याने इंजिन पाहिलं आणि भाऊसिंगला विचारलं, “काका, हे ट्रकचं हाये?”

“माह्या ट्रकचं,” भाऊसिंग म्हणाला.

करण निघाला. सरळ पट्ट्यावर गाडी अशी सुटली की हसणारे गप्प झाले. मग बाभळीपाशी वळण आलं. करणने चाक फिरवलं. गाडी फिरली नाही. नाक जमिनीकडे दाबून ती सरळच गेली, दोरी तोडून शेजारच्या कपाशीच्या पऱ्हाटीत घुसली आणि थांबली. करणला लागलं नव्हतं. पण तो बराच वेळ खाली उतरला नाही.

प्रसेनजितला वाईट वाटलं. “ट्रकचं इंजन ट्रकमंदीच बरं, गड्या. पुढून जड पडलं,” तो म्हणाला. “दुसऱ्या खेपेले राहू दे वाटलं तर.”

गाडी ढकलत आणली. करण चाकाला टेकून खाली बसला. “उद्याची एसटी पाहतो, याडी,” तो आईला म्हणाला.

चंदाबाईला राग आला, नेमका कोणाचा ते तिलाही कळेना. “घरी तं बरी वळत होती. मी सोता बसून आली हाये तिच्यात.”

भाऊसिंग तिकडे नव्हताच. तो वळणावर जाऊन वाकून मातीतल्या खुणा पाहत होता. पुढच्या चाकांनी खोल चाकोरी पाडली होती. मागच्यांनी माती नुसती खरवडली होती, जणू त्यांना तिथे काही काम नव्हतं. तो सावकाश परत आला.

“तू बसून आली, खरं हाये,” तो चंदाबाईला म्हणाला. “आनखी काय काय बसून आलं?”

“सोयाबीन.”

करणने मान वर केली. बापाकडे पाहिलं, मग गाडीच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे. सगळ्या स्प्रिंगा, सगळे ब्रेक त्याने त्या पोत्यांसकट जुळवले होते. शेताकडे जाताना तो ती हळूच न्यायचा; रिकामी गाडी त्याने आजच पहिल्यांदा पळवली होती.

“बा,” तो म्हणाला, “आपन एक डाव बी रिकामी आनली नाई.”

“आनली असती तं रामीबाईनं जीव घेतला असता.”

करण हसला नाही, पण उठला. प्रसेनजितला जाऊन विचारलं, आत वजन ठेवलं तर चालेल का. प्रसेनजित म्हणाला, सुटं काही नको, घट्ट असेल तर चालेल, आणि मी स्वतः हलवून पाहीन. करणने बॅटरी पुढून काढून मागे नेली, जास्तीची वायर जोडली. बांधावरचा मुरूम दोन पोत्यांत भरला आणि पोती कुठे ठेवायची ते बोटाने दाखवलं, बरोबर मागच्या चाकांच्या आसाच्या वर. मग दोर भाऊसिंगच्या हातात दिला. “बांधायचं तुमी बांधा.”

भाऊसिंगने उसाने भरलेल्या गाड्या आयुष्यभर बांधल्या होत्या. त्याने पिंजऱ्याच्या पाइपांतून दोर आडवा घेतला, तिरपा घेतला, पोत्यावर पाय देऊन पीळ आवळला आणि गाठ मारली. प्रसेनजितने दोन्ही हातांनी हिसडे दिले. पोती हलली नाहीत, गाडीच हलली.

“जा,” भाऊसिंग म्हणाला. “वळनाले भिऊ नको.”

या वेळी भाऊसिंगने गाडी पाहिलीच नाही. तो जमिनीकडे बघत आवाज ऐकत राहिला. सरळ पट्टा. गिअर खाली. बाभूळ. तिथे इंजिनाचा आवाज एक क्षण दबला, आणि मग तोच आवाज आला, घाटाचं शेवटचं वळण ओलांडल्यावर मोकळा होणारा. त्याने वर पाहिलं. गाडी मागच्या चाकांवर अंग टाकून, दोरीच्या आत राहून वळणातून बाहेर पडत होती. पुढची वळणं तिने पांदणीतली असावीत तशी घेतली.

पहिला नंबर प्रसेनजितच्याच एका जीपने मारला. भाऊसिंगला त्याचं काही नव्हतं. लोक आता गाडीभोवती जमले होते, आणि तो मघाचा नांगरटीवाला बोनेटचं टेंगूळ हाताने चाचपून विचारत होता, “काका, हे बसवलं कोनं?”

घाट, ऊस, ट्रक यांबद्दल सांगायला भाऊसिंगकडे पुष्कळ होतं. पण तो म्हणाला, “माह्या पोरानं.” आणि मग, कोणी न विचारता, आणखी एकदा, “करणनं. माहा पोरगा हाये तो.”

चंदाबाईने ऐकलं. तिने पदर सारखा केला.

प्रसेनजित करणचा खांदा धरून त्याला जीपांकडे घेऊन आला. “पहिल्या नंबरची हे जीप बी आतून खडखडते,” तो म्हणाला. “कधी आनू तांड्यावर?”

करणने बापाकडे पाहिलं.

“माह्याकडं काय पाह्यतो?” भाऊसिंग म्हणाला. “बोनेट उघड. आतून काय खडखडते ते पाह्य आधी, मंग दिवस सांग त्याले.”

करणने बोनेट उघडलं आणि आत वाकला. भाऊसिंग त्याच्या मागे उभा राहिला. या वेळी कुठला पाइप ढिला आहे असं तो म्हणाला नाही.