झोळीवरचा भुंगा

आसेगावात तूर फुलली की शिवारावर पिवळा पदर पडतो. धम्मदीपाला मात्र गेल्या सालापासून त्या पिवळ्याची धास्तीच बसली होती. याच दिवसांत शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली तिनं लहानग्या उत्कर्षला निजवलं होतं. वर काहीतरी गुणगुणत होतं. सासू गंगूबाईनं नुसत्या आवाजावरून सांगितलं, भोंगा हाय, लाकूड कोरणारा काळा भुंगा, काही करत नाही. निघाल्या आग्या माश्या. दोनच डंख, पण लेकराचे डोळे सुजून मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं आणि बजावलं, याला पुन्हा डंख होऊ देऊ नका.

आज दुपारी पोर ओसरीतल्या झोळीत झोपलं होतं, आणि झोळीच्या आडव्या बांबूतूनच गुणगुण येत होती. धम्मदीपानं वर पाहिलं. जांभळाएवढं काळंभोर काहीतरी भोकातून निघालं आणि झोळीच्या तोंडाशी अधांतरी थांबलं.

तिचे पाय जमिनीला खिळले. उचलावं, तर पोर उठताना हातपाय झाडतं. हात नेमका त्याच्यावरच पडायचा. न उचलावं, तर... पुढचं तिच्या मनात येईना.

तिनं दबक्या आवाजात सासूला हाक मारली. शेंगांचं टोपलं सारून गंगूबाई चाचपडत आली. डोळ्यांत मोतीबिंदू, भरवसा सगळा कानांवर. तिनं बांबूकडे कान दिला.

"धूर करू का, आत्याबाई?"

"मोहोळ असन तं धुरानं सारं पोरावरच उतरन. अन् मी नाही सांगत, पोरी. मागच्या खेपेले माह्याच कानानं घात केला. आता तूच पाह्य. एक हाय का लय?"

"एकच."

"खाली भुसा पडला का?"

झोळीच्या लुगड्यावर पिवळसर भुसा होता. सकाळपासून दोनदा तिनं तो बांबू पोखरणाऱ्या घुणकिड्याचा समजून झटकला होता. गंगूबाई मग ओठांतल्या ओठांत जात्यावरची ओळ म्हणू लागली, स्वतःलाच आठवण करून द्यावी तशी:

काळा गं माझा भुंगा, पंखं निळी मोराची
वेळू कोरून बांधे खोली आपल्या पोराची

"पंख पाह्य त्याचे," ती म्हणाली.

काळा जीव जागीच वळला. छपरावरच्या कवेलूंच्या फटीतलं ऊन पंखांवर पडलं आणि मोराच्या मानेसारखा निळा रंग चमकला.

"निळेच हायेत."

"मंग भोंगाच. आपून होऊन आंगावर येत नाही. पन मुठीत धरला तं डसते."

तेवढ्यात उत्कर्ष जागा झाला. झोळीतून चिमुकला हात निघाला, त्या चमकीकडे. धम्मदीपानं श्वास रोखून आपला तळवा मधे धरला. हाताच्या पाठीवर पंखांचा वारा लागला. लेकराची बोटं तिच्या तळव्यात आली, तिनं ती मुठीत घट्ट धरली. भुंगा क्षणभर घुटमळला आणि आपल्या भोकात शिरला.

पोराला छातीशी धरून ती घरात आली.

भोक मातीनं बुजवायचं का, असं गंगूबाईनं विचारलं. धम्मदीपा नको म्हणाली. राहू दे त्याची खोली, झोळीच हलवू. माजघरातल्या लाकडी तुळईला लुगडं टाकण्याआधी पोराला खाली बसवून तिनं उंबऱ्याजवळचं स्टूल घेतलं, वर चढून लाकडाला कान लावला. काहीच वाजत नव्हतं. तरी तिला गाठ मारवेना.

ती खाली उतरली आणि सासूचा हात धरला.

"आत्याबाई, तुमी बी ऐका एकदा."