दोन्ही एकदम

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि घड्याळ चालवून बघायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. दोन भाग एकदम बदलले तर कशामुळे सुरू झालं ते कळत नाही म्हणे. मग बिघाड काय, बदललं काय, याची चिठ्ठी दोऱ्याने घड्याळाला बांधायची. तोवर गिऱ्हाईक ताटकळलं तरी बेहत्तर.

एका विषाणूमुळे त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला, मानेत गाठी आल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन आणि गोळ्या अशी जोडी लावून दिली. इंजेक्शन रोज माझ्यासमोर टोचलं जायचं. गोळ्या ते आपल्या दुकानात बसून घ्यायचे. सहा आठवडे झाले तरी पांढऱ्या पेशी कमी व्हायचं नाव घेईनात. "आणखी दोन आठवडे बघू," म्हणताना डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघणं टाळलं. माझं धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी दुकान झाडताना मला स्प्रिंगांच्या डबीत गोळ्या सापडल्या. सहा आठवड्यांच्या सगळ्या, ओळीने लावलेल्या.

"हे काय?"

"आधी इंजेक्शनचा गुण बघतोय," ते शांतपणे म्हणाले. "मग गोळ्या. नाहीतर कशाने बरा झालो ते कळणार कसं?"

माझं टाळकंच सटकलं. मी त्यांच्या डोळ्यावरचं भिंग काढून घेतलं. "बंद घड्याळ सहा आठवडे पडून राहतं हो, तुम्ही राहाल का? कशाने ते कळून मला काय करायचंय? मला तुम्ही हवे आहात." रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले.

त्यांनी डबी पुढ्यात ओढली. मग चिमट्याने एक गोळी उचलली आणि पाण्याबरोबर गिळली.

मी त्यांना तसंच दवाखान्यात नेलं आणि सगळं कबूल करायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, यातलं एकटं औषध पुरत नाही. दोन्ही मिळूनच काम करतात."

त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. दहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. पेशी अगदी जागेवर, मानेतल्या गाठी गायब. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचून दाखवला, मी तिसऱ्यांदा वाचायला लावला. दवाखान्याच्या पायऱ्या मी या वयात दोन-दोन करत उतरले.

दुकानात गेल्यावर त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. बिघाड: रक्त. बदललं: दोन्ही एकदम. कशाने सुरू झालं: माहीत नाही.

ती दोऱ्याने शर्टाच्या गुंडीला बांधली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तयार आहे," म्हणाले. "घेऊन जा."